ताईचे आकडे

ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवरची पातळ पारदर्शक फिल्म सगळी निघाली नव्हती—एका कोपऱ्यात, स्क्रूला लागून, नखाएवढा तुकडा चिकटून राहिला होता, आणि ती तो खरवडत होती, आणि तो निघत नव्हता. बाकीची फिल्म धाकट्या भावाने सकाळी कॅमेऱ्यासमोर सोलली होती, सावकाश, चर्रर्र आवाज करत, कारण बघणाऱ्यांना तो आवाज आवडतो. कार्ड खरं तर कालच उघडलं होतं, काल दुपारभर तिने ते चालवून पाहिलं होतं. पण पेटी उघडण्याचा आनंद शूट व्हायचा राहिला होता, म्हणून पाठीवरची फिल्म तिने त्याच्यासाठी राखून ठेवली होती. आज त्याने तो आनंद उरकला, कार्ड दिव्याखाली फिरवलं, ‘काय देखणं आहे बघा’ म्हणाला आणि तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. पेटी, फोम, पिशव्या, फिल्मचा चोळामोळा, सगळं पुढच्या खोलीत जमिनीवर. ते कोण उचलणार हा प्रश्नच कधी निघत नाही.

नख दुमडलं. “मर मेल्या,” ती कार्डाला म्हणाली, आणि राहू दिला तो तुकडा. कार्ड यंत्रात बसवलं, खटका पडल्याचं ऐकलं, विजेची तार खोचली, दाबून पाहिली, पुन्हा एकदा दाबून पाहिली.

दोन खोल्यांची जागा, खाली दातांचा दवाखाना. पुढच्या खोलीत धाकट्याचे दिवे, कॅमेरा आणि रंगवलेली एक भिंत. मागच्या खोलीत ती, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि त्याचं झाकण नसलेलं यंत्र. गेमची चित्रं पडद्यावर आणणारं महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी लोक जे व्हिडिओ बघतात, ते ही दोघं बहीणभाऊ करतात—म्हणजे दिसतो तो एकटा धाकटा. बघणारे त्याला ‘उस्ताद’ म्हणतात. तिला कोणी पाहिलेलं नाही. पण आलेख पडद्यावर आला की धाकटा बोट वर करून म्हणतो, “हे ताईचे आकडे आहेत. भांडायचं तर तिच्याशी भांडा.” आणि कोणी भांडत नाही. व्हिडिओखाली लोक एकमेकांच्या आयाबहिणी काढत असतात, कुठली कंपनी चांगली यावरून. आणि कुणीतरी लिहितं, ‘ताईचे आकडे बघ की लेका’, आणि तो मुद्दा तिथे संपतो. एवढंच तिचं आहे. तोंड नाही, आवाज नाही, एवढंच.

आणि तेच आज संध्याकाळच्या व्हिडिओत... नको, आधी मोजू दे. मोजल्याशिवाय रागावणंसुद्धा तिला जमत नाही, याचाही तिला राग आला.

काल तिने फक्त चाचपून पाहिलं होतं. कंपनी कार्डाला जो वेग ठरवून देते त्याच्यापुढे त्याला ढकलत न्यायचं, एकेक पायरी, आणि ते कुठे हात टेकतं ते बघायचं—बंद पडतं, किंवा पडद्यावर गुलाबी ठिपके उठू लागतात. मग एक पायरी मागे यायचं. काल कार्डाच्या मेमरीचा वेग ती वाढवत गेली, वाढवत गेली, आणि कार्ड काही हात टेकेना. ना ठिपके, ना काही. ज्या आकड्यापाशी ती चहा प्यायला उठली तो आकडा तिने मोठ्याने म्हटला होता, स्वतःशीच, नवल वाटून. दारातून जाणाऱ्या धाकट्याने तो ऐकला. झालं. तिचा चहा निवायच्या आत त्याने दिवे लावले आणि शेवट शूट करून टाकला—‘मी याला ताण ताण ताणलं, पण याने हूं की चूं केलं नाही. आजवरचा विक्रम!’ मी ताणलं म्हणे. व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर तो आकडा पिवळ्या अक्षरांत चढला, कंपनीच्या जाहिरातवाल्याला ते चित्र गेलंसुद्धा, आणि त्याचे तीन अंगठे आले.

तिने गेम लावला. मोजणीसाठी ती नेहमी तोच तुकडा घेते: एक घोडेस्वार पुलावरून जातो, खाली नदी, मागे एक गाव जळतंय. किती वेळा जाळलं असेल तिने ते गाव. ते का जळतं हे तिला माहीत नाही, गेम तिने कधी खेळलेलाच नाही. तिला फक्त एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर येतात ते मोजायचं असतं. चित्रं जास्त, तर कार्ड चांगलं. बाकी घोडेस्वाराचं त्याचं तो बघून घेईल.

भार पडला तसं कार्ड शीळ घालू लागलं, बारीक, दातात शिरणारी. खालच्या डॉक्टरीणबाई मागे एकदा जिना चढून आल्या होत्या—“अहो, मी मशीन चालूच केलं नाही तरी पेशंट तोंड मिटून घेतात!” तेव्हा ती किती हसली होती. आज हसू येईना.

पहिली पायरी. चित्रं वाढली. दुसरी, वाढली. पुढची, थोडी वाढली. त्यापुढची...

तिने चष्मा पुसला आणि गाव पुन्हा जाळलं.

वेग वाढवला होता आणि चित्रं कमी झाली होती. यंत्र थंड होऊ देऊन पुन्हा. पुन्हा कमी. आणि विक्रमाच्या त्या पिवळ्या आकड्यापाशी तर कार्ड, पेटीतून काढल्यावर जसं होतं, त्याहूनही मंद धावत होतं. बंद पडत नव्हतं, ठिपके येत नव्हते, घोडेस्वार डौलात चालला होता, फक्त कमी. न मोजणाऱ्याला कधी कळलंच नसतं.

ती खुर्चीत मागे टेकली. हे तिला माहीत होतं! काल चहाला उठताना माहीत असायला हवं होतं. ही मेमरी अशीच असते—फार ढकललं की तिच्या हातून चुका होऊ लागतात, पण ती कोसळत नाही. चूक झाली की स्वतःच ओळखते, तेवढं काम गुपचूप परत करते, बरोबर करून पुढे देते. कोणाला सांगत नाही. वरून सगळं ठीकठाक. फक्त तेच काम दोनदा, तीनदा होत असतं आणि एवढा वेग असूनही पाऊल पुढे पडत नाही. आणि बघणारा म्हणतो, हूं की चूं केलं नाही.

फोन वाजला. आई.

“अगं, राजा फोन उचलत नाही. खाल्लं का त्याने काही?”

“शूट चाललं होतं त्याचं.”

“मग तू दे ना काहीतरी करून. उपाशीपोटी बडबडतो दिवसभर, घसा जाईल. आणि तू... तुझं काय म्हणा, तुझं काही नसतं.”

“ठेवते आई,” ती म्हणाली, आणि ठेवला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली—इतक्या साध्या वाक्याने, रोजच्या, मायेने म्हटलेल्या... तुझं काही नसतं. ‘मोठीचं काही नसतं हो,’ लहानपणी एकदा आत्या आली होती तेव्हा आई तिला सांगत होती, ‘जे द्याल ते घालते, जे असेल ते खाते, धाकट्याचंच सगळं नाटक.’ मी दाराआड उभी होते. आणि मला काय वाटलं होतं? मला अभिमान वाटला होता! फ्रॉकच्या खिशात हात घालून मी तशीच उभी राहिले, अजून काही म्हणतील म्हणून. त्या दिवसापासून मी काही नसण्यात पहिला नंबर काढत आले. खिडकीजवळचा पलंग त्याला, मला काही नाही. त्याने बाबांचं घड्याळ उघडून ठेवलं, ते घरी यायच्या आत मी बसवलं, त्याला बोलणी बसली नाहीत, मला शाबासकी नाही, कारण काही घडलंच नव्हतं. त्याचा कॉलेजातला प्रकल्प. त्याचं कंपनीला लिहिलेलं उद्धट पत्र, जे मी पाठवायच्या आधी गोड केलं. मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, तुझ्याशिवाय मला जमणार नाही,’ आणि ते खरंच होतं. माझ्यामुळे त्याचं इतकं छान जमतं की माझ्याशिवाय जमणार नाही हे तो विसरूनच गेला.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप होता. अंगात ताप घेऊन तिने एका कार्डाचं सगळं मोजलं, एकेक मोजणी दोनदोनदा, कारण वाचलेला आकडा लिहीपर्यंत डोक्यातून जात होता. सगळे आकडे बरोबर आले. धाकटा म्हणाला, “या वेळी जरा वेळ लागला गं तुला.”

एवढंच म्हणाला. आणि तिने म्हटलं होतं, हो रे, सॉरी. सॉरी! आत्ता, या क्षणी, भर दुपारी, तिला त्या सॉरीसाठी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“ताई, झालं का गं?”

धाकटा दारात उभा. कॉलरला माईक तसाच लटकलेला, गालावर पावडर.

“तो आकडा चुकीचा आहे. विक्रमाचा.”

“बंद पडलं?”

“नाही.”

“ठिपके?”

“नाही.”

“मग?” तो हसला. “मग त्याला काही त्रास नाही, तुलाच आहे.”

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. आलेख चढत होता आणि मग उतरत होता, शेवटची रेघ सगळ्यांत आखूड. तो वाकला, बघितलं, आणि लगेच समजला—तो मूर्ख नाही, हेच तर. मूर्ख असता तर तिने त्याला समजावलं असतं. त्याने गालावरची पावडर खाजवली आणि विचार करू लागला, आणि तो कसला विचार करतोय हे तिला त्याच्या मानेवरून कळलं.

“तो जुना रणगाड्यांचा गेम आहे ना आपल्याकडे,” तो म्हणाला. “त्यात मोज. त्याला मेमरी लागतच नाही फारशी, तिथे सगळ्या रेघा सारख्या येतील. खोटं काहीच नाही त्यात. मोजलेलंच दाखवायचं.”

“आणि खाली काय लिहिणार?”

“काय म्हणजे? नेहमीचंच. ताईचे आकडे.”

किती सहज म्हणाला. त्याला वाटलंच नाही की तो काही मागतोय. उद्या कुणीतरी पोरगं पैपै साठवून हे कार्ड घेईल, ताईचा आकडा बघून तिथवर ढकलेल, आणि कार्ड हूं की चूं न करता मंद चालेल, आणि पोरग्याला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय...

“नाही,” ती म्हणाली.

“बरं, बरं.” त्याने दोन्ही हात वर केले. “रणगाडे नकोत. मग तू नेहमीसारखं बघून घे ना. मला काय, संध्याकाळच्या आत फाइल मिळाली म्हणजे झालं.”

नेहमीसारखं. म्हणजे खरा आकडा शोधायचा, त्याचं वाक्य कापायचं, मागच्या कुठल्या व्हिडिओतलं ‘चांगलं आहे’ तिथे चिकटवायचं, दर्शनी चित्र बदलायचं, जाहिरातवाल्याला काहीतरी कारण सांगायचं. आणि तो संध्याकाळी व्हिडिओ बघून म्हणेल, मस्त झालाय. तिचे हात खरंच उठले होते. की-बोर्डवर पोचलेसुद्धा होते. कुठलं वाक्य कुठून उचलायचं हेही डोक्यात तयार होतं, नको म्हणत असताना, इतकं पटकन. रणगाड्यांपेक्षा हे चांगलं, हे प्रामाणिक, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. पण दोन्हीत तो चुकलेला नसणार होता. दोन्हीत काही घडलेलंच नसणार होतं.

तिने हात मांडीवर घेतले.

“मी काही बघून घेणार नाही. तू परत दिवे लाव आणि सांग, काल मी न मोजता बोललो.”

“मी? असं कसं सांगू, ताई? लोक काय म्हणतील?”

“मला माहीत नाही.”

“कंपनीचा माणूस...”

“मला माहीत नाही, रे.”

आवाजात लाडिकपणा आणून, लहानपणापासून जसा आणायचा तसा, मान वाकडी करून त्याने विचारलं, “रागावलीस का?”

“हो.”

तो थांबला. पुढचं वाक्य यायचं होतं ना—बरं जा, बघते काय करता येतं, आणि आधी काहीतरी खाऊन घे. त्या वाक्यासाठी तो थांबला होता, चौकटीला टेकून, अर्धवट हसू तयार ठेवून. वाक्य तिच्या तोंडात होतंही. तिने ते तोंडातच ठेवलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी गुळण्या करत होतं. धाकट्याचं हसू हळूहळू उतरलं आणि त्याखालचा चेहरा तिने पाहिला, गोंधळलेला, जरासा घाबरलेला. शेवटी तो धाकटाच होता. आणि तरीही राग गेला नाही. तो जाईल असं तिला वाटलं होतं. ‘हो’ म्हटलं की निघून जाईल, मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. राग तिथेच होता, गरम, स्वच्छ, तिचा—आणि धाकटा आता दारातून जाऊन दिवे लावेल की दार आपटेल हे तिला सांगता येत नव्हतं, संध्याकाळी कुठला व्हिडिओ जाईल हेही सांगता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती ते सावरायला उठली नाही.