दुसरी पट्टी

गोकुळने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पहिला स्क्रू काढला, तशी मनस्विनीने आपली नजर त्याच्या पिशवीवरून उचलून त्याच्या हातांवर नेली. पिशवी तिने आधीच दाराजवळच्या स्टुलावर ठेवायला लावली होती, 'इथं पायात येते' असं सांगून. गोकुळ खरं कारण समजून चुकला असावा. त्याने स्क्रू-ड्रायव्हर तेवढा बाहेर काढला आणि पिशवीची चेन मुद्दाम उघडीच ठेवली.

चाळिशीतला गोकुळ मुकुंदवाडी स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चिकलठाण्यातल्या या सोसायटीत चोवीस फ्लॅट, आणि बहुतेक घरांतली मशीन त्याच्याच हाताखालून गेलेली. मनस्विनी घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. तिच्या मशीनमध्ये सोळा-सोळा जीबीच्या मेमरीच्या दोन पट्ट्या त्यानेच बसवल्या होत्या. दसऱ्याआधी तो पंखा बदलून गेला, आवाज येतो का बघा म्हणून बाजूचा पत्रा दोन दिवस उघडा ठेवून गेला आणि दसऱ्यानंतर येऊन पत्रा लावून गेला. त्या दिवसापासून मशीन बत्तीसऐवजी सोळाच दाखवत होतं. मनस्विनीच्या मनात पाल चुकचुकली. काल तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं : 'गोकुळकडून काम करून घेताना समोर बसा. माझ्या मशीनमधली मेमरी कमी झाली आहे.' चोरी हा शब्द तेवढा तिने टाळला, आणि तेवढ्यावर स्वतःला भली समजून घेतलं.

"सकाळपासून पाच घरांनी नको म्हणून कळवलं, ताई," गोकुळ मान वर न करता म्हणाला. "सोसायटी गेली तर दुकानाला कुलूपच लागंल."

"आधी बघू तर."

पत्रा निघाला. आत दोन्ही पट्ट्या होत्या. मनस्विनी क्षणभर चपापली, पण संशयाला वाट शोधायला किती वेळ लागतो? चोरली नसेल, बदलली असेल. चांगली नेऊन मेलेली बसवली असेल.

"ती दुसरी काढा. नंबर बघू द्या."

गोकुळने पट्टी अलगद उपसली आणि तिच्या हातात दिली. मनस्विनीने मोबाईलमधलं बिल मोठं करून पट्टीवरचा नंबर एकेक आकडा करत ताडून पाहिला. मग पुन्हा पाहिला. तोच होता. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती उलट चिडलीच.

गोकुळ मात्र तोवर मोबाईलचा उजेड रिकाम्या खाचेत पाडून खाली वाकला होता.

"ताई, एखादी चिमटी हाय का घरात? भुवयांची चालंल."

तिने दिली. त्याने श्वास रोखून खाचेतून काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

"हा दाणा पट्टीखाली होता. पट्टी एका बाजूनं उचललेली. मग मशीनला ती दिसणार कशी?"

मनस्विनीच्या सासूबाई, भानुमती, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. दाणा त्यांनी लांबूनच ओळखला.

"अगं, ही तर माझी अक्षत. दसऱ्याला पूजा नाही का केली मशीनची?"

"आत, आई?"

"मग कुठे? हे गोकुळच म्हणाले होते मला, या पट्ट्या म्हणजे मशीनची स्मरणशक्ती. सरस्वती तिथे असणार की डब्यावर? दोन पट्ट्यांच्या मधे झेंडूचं फूल खोवलं होतं. दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढताना जरा ओढावं लागलं, इतकंच."

"मीबी पत्रा लावताना वाकून बघायला पायजे होतं," गोकुळ म्हणाला. पट्टी पुसून त्याने खाचेत दाबली. दोन्ही टोकांना खट् वाजलं. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर बत्तीस उमटले.

भानुमतींनी सुनेच्या मोबाईलवर उघडं असलेलं बिल पाहिलं, मग सुनेकडे बघितलं.

"म्हणजे तू यांच्यावर आळ घेतला होतास?"

मनस्विनीला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. "चुकलं माझं, गोकुळभाऊ," ती म्हणाली.

"असू द्या. फक्त तेवढं ग्रुपवर टाका."

तो दारात चपला घालत होता तेव्हाच तिने लिहायला घेतलं. कालचा मजकूर पुसायला गेली, पण तो सगळ्यांनी केव्हाच वाचला होता, आता पुसून उपयोग नव्हता. मग तिने सविस्तर लिहिलं : पट्टी जागेवरच होती, नंबरही तोच, खाली अक्षत अडकली होती, चूक आमच्या घरची, गोकुळभाऊंची नाही. दोनदा वाचून पाठवलं.

वरच्या मजल्यावरच्या अभयचं उत्तर लगेच आलं : 'बोंब झाल्यावर गुपचूप आणून बसवली असेल. तुम्ही फार साध्या आहात, ताई.'

खाली एक अंगठा उमटला. मग तीन. मग सात.

"टाकलं का, ताई?" गोकुळने पिशवी खांद्याला लावत विचारलं.

"टाकलं."

"काय म्हणतात लोक?"

मनस्विनीने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"वाचतायत अजून," ती म्हणाली. "थांबा, चहा घेऊन जा."