बाबांचं मत

सिनेमा संपला तशी आत्यानं रिमोट उचलला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि पाय सोफ्यावर घेतले. म्हणजे आता बोलायचं.

"मला आवडला," ती म्हणाली. "दोनदा रडू आलं."

"तुला जाहिराती बघूनही रडू येतं," धाकटा म्हणाला. तो घरी कुठलाही सिनेमा दीडपट वेगानं बघायचा. आज चारचौघांत सरळ वेगानं बघावा लागला म्हणून आधीच वैतागला होता. "ती बाई नुसतं दार उघडायला तीन मिनिटं घेते. तेवढ्यात माझी आंघोळ होते."

"तुझी आंघोळ म्हणजे काय, दोन तांबे," आई म्हणाली. "पण तिचे केस बघितले का? चार दिवस जंगलात हरवलीय आणि केस असे की आत्ता पार्लरमधून आली."

मग सवयीनं सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. आत्याचे डोळे ओले, धाकट्याचं नाक मुरडलेलं, आई हसतेय. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाले,

"छान होता."

आणि पाणी प्यायला उठून गेले.

थोरली लेक ते 'छान होता' मोजत आली होती. गेली नऊ वर्षं प्रत्येक सिनेमा छान होता. मारामारीचा छान, रडका छान, आणि मध्येच वीज गेल्यामुळे कुणालाच शेवट न कळलेला तोही छान. पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात यंत्राशेजारी पस्तीस वर्षं उभं राहून बाबांचे कान गेले होते. कानातल्या मशीननं समोरासमोर चार शब्द पोचायचे, पण सिनेमात नुसता कल्लोळ. टीव्हीवर सबटायटल्स असायची ती परक्या भाषेत. बाबा पहिली ओळ जुळवेपर्यंत तिसरी येऊन गेलेली असायची.

आणि हेच बाबा पूर्वी कसे होते! मध्यंतरात अनोळखी माणसाला गाठून पुढं काय होणार ते सांगायचे, आणि ते तसं झालं नाही तर लेखकाला अक्कल नाही म्हणायचे. घरी परत येईपर्यंत सगळ्या सिनेमाची चिरफाड. एकदा तर नायकानं शेवटी मागं वळून बघायला हवं होतं की नाही, यावरून ते आणि आत्या चार दिवस बोलत नव्हते. थोरली त्या भांडणांत वाढली होती. घरात ती भांडणं राहिली नाहीत, याची चुटपुट तिलाच जास्त होती.

ती उठली आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली.

"येत्या रविवारी दुपारी तीनच्या खेळाला सगळ्यांनी चलायचंय. थिएटरमध्ये. सिनेमा आपल्याच भाषेतला आहे आणि खाली सबटायटल्सही आपल्याच भाषेत आहेत. ऐकू न येणाऱ्यांनाही सगळ्यांबरोबर बघता यावं म्हणून आठवड्यातून एका खेळाला ती दाखवणार आहेत." तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "ती सबटायटल्स मी लिहिलीत."

आत्यानं पाय खाली सोडले. धाकटा म्हणाला, "म्हणजे तू इतके दिवस ऑफिसात खरंच काम करत होतीस?" आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन बाबांच्या कानाशी सगळं मोठ्यानं सांगितलं. बाबा पेला हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी थोरलीकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले, "छान."

झालं. तिथंच तिच्या जिवाला घोर लागला. पोरीचं काम म्हटल्यावर बाबा छानच म्हणणार. एक अक्षर कळलं नाही तरी छान, आणि सगळं कळलं तरी छान. मग त्यांना सिनेमा परत मिळाला की नाही, हे तिला कळणार कसं?

शुक्रवारी संध्याकाळी आणखी एक भानगड झाली. पाठवून दिलेल्या फायलीवर तिनं सहज नजर टाकली आणि तिला चूक दिसली. ऑफिसातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: विनोदाची ओळ अर्ध्यात तोडायची, नट तोंड उघडेपर्यंत दुसरा अर्धा पडद्यावर आणायचा नाही. वाचणारा बोलणाऱ्याच्या पुढं पळतो. दीड हजार ओळींत तिनं हे सांभाळलं होतं. एका ठिकाणी विसरली होती, आणि तेही सिनेमातल्या सगळ्यात मोठ्या हशाच्या जागी.

तिनं मॅडमना फोन केला. "फाइल गेली," मॅडम म्हणाल्या. "आता देवाचं नाव घे आणि बघायला जा."

रविवारी बाबांनी तीनदा शर्ट बदलला. आत्या दीड वाजताच येऊन दारात बसली. थिएटरमध्ये थोरलीनं बाबांना मधल्या रांगेत, अगदी मध्यावर बसवलं आणि आपण त्यांच्या डावीकडे बसली. अंधार झाला. पडद्यावर एक बंद दार दिसलं आणि खाली तिची पहिली ओळ उमटली:

[दूर कुठंतरी कुत्रा भुंकतो]

बाबा पुढं वाकले. त्यांनी आईला कोपरानं ढोसलं.

"कुत्रा भुंकतोय," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबानं हळू, पण तीन रांगांना ऐकू गेलं.

आईनं हो हो म्हणून त्यांचा हात दाबला. थोरलीनं पडद्याकडं बघायचं सोडून दिलं. सिनेमा तिला पाठ होता. ती बाबांचे डोळे बघत होती. डोळे खाली जात, वर येत, परत खाली. मागं पडत नव्हते. एकदा कपाळावर आठी आली, एकदा मान नाही नाही अशी हलली. ते काय, कशाला नाही म्हणतायत? तिला मध्येच थांबवून विचारावंसं वाटत होतं.

मग ती जागा आली. दोन भाऊ, त्यांचं फर्निचरचं दुकान, आणि दारात एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक जुन्या सोफ्यावर हात फिरवून विचारतं, टिकेल ना? थोरला भाऊ म्हणतो, "आम्ही दोघं लहानपणापासून यावर बसून भांडतोय." मग तो कप उचलतो, सावकाश एक घोट घेतो, कप खाली ठेवतो. पण पडद्याच्या तळाशी पुढची ओळ आधीच येऊन बसली होती: सोफा टिकलाय. नातं टिकलं नाही.

नटानं घोट घेतला आणि त्या शांततेत बाबा हसले. हसले म्हणजे काय, एकटे, खदखदून, मांडीवर थाप मारून. लोक वळून बघायला लागले. शेजारच्या माणसाचं खालच्या ओळीकडं लक्षच नव्हतं; त्याला वाटलं, कपातून पिण्यात यांना काय एवढं दिसलं? तेवढ्यात नट बोलला आणि मग सगळं थिएटर हसलं. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. इतकी वर्षं लोक हसले की मागून हसायचे ते. आज लोक त्यांच्या मागून हसत होते. थोरलीनं तोंडावर हात धरला. चूक तिची होती, चारशे माणसांसमोर उघडी पडली होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

सिनेमा संपला. गर्दीतून बाहेर पडतापडताच आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "किती गोड सिनेमा. शेवटी थोरला भाऊ किल्ली ठेवून निघून जातो ना, तिथं मी ढसाढसा रडले." धाकटा म्हणाला की पहिला अर्धा बरा होता, हे त्याच्यासाठी फारच झालं. आईला सोफ्याचं कापड आवडलं होतं. बाबा गर्दीबरोबर जिना उतरून बाहेरच्या पायऱ्यांवर आले आणि थांबले. थोरलीनं काही विचारलं नाही. विचारलं तर छान म्हणतील.

"भिकार," बाबा म्हणाले.

पायऱ्यांवरची दहाबारा माणसं थांबली.

"भिकार सिनेमा. मध्यंतरानंतर लेखक झोपला होता काय? पस्तीस वर्षं ज्या भावानं दुकान सांभाळलं, तो एका टोमण्यावरून किल्ली टाकून जातो? अरे, असा माणूस जात नाही. तो राहतो आणि रोज सकाळी त्या धाकट्या भावाचं डोकं खातो. आणि तुझं," ते थोरलीकडे वळले, "ती सोफ्याची ओळ. तू आधीच सोडलीस. तो घोट घेत होता आणि मला सगळं कळून बसलं."

"हो बाबा," ती त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "चुकलं ते."

"चुकलंच. मजा आली, पण चूक ती चूक. पुढच्या वेळी बघ जरा."

आता आत्याला राहवेना. ती दोन पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर आली आणि हातवारे करत बोलायला लागली. रस्त्यावरच्या गोंगाटात बाबांच्या कानातलं मशीन काही कामाचं नव्हतं. ते नुसतेच तिच्या ओठांकडं बघत राहिले आणि मग थोरलीकडं. थोरलीनं घाईघाईनं फोन काढला, अक्षरं मोठी केली, भराभर लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं:

आत्या म्हणते, थोरला भाऊ गेला ते बरोबरच झालं.

बाबांनी ओळ वाचली. आत्याच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. परत ओळ वाचली.

"एवढंच म्हणाली? तोंड तर केव्हाचं हलत होतं."

"साधारण तेवढंच, बाबा," थोरली त्यांच्या कानाशी ओरडली.

"साधारण नको. जे म्हणाली ते लिही."

थोरलीनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं पदर खोचावा तशी पर्स काखेत खोचली. "लिही की. मी काय घाबरते त्याला? अक्षर गाळू नकोस."

थोरलीनं आधीची ओळ पुसली आणि सगळं लिहिलं: पत्रा ठोकून ठोकून तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. थोरला गेला ते बरोबरच केलं. दुसऱ्याचं मन तुला जन्मात कधी कळलं नाही, सिनेमा काय कळणार.

बाबांनी चष्मा वर सरकवला आणि शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचलं. आई म्हणत होती, अहो, लोक बघतायत. खाली फुटपाथवरून धाकटा ओरडत होता की बस आली. कुणी हललं नाही.

"नऊ वर्षं," बाबा आत्याला म्हणाले, "हे सगळं तू माझ्यासमोर बोलत होतीस, ताई? आणि मी मान डोलावत होतो?"

"मग काय करणार? तू भांडतच नव्हतास."

थोरलीनं तेही लिहिलं आणि फोन वर धरला. बाबांनी वाचलं, आत्याच्या पायरीवर येऊन तिच्या बरोबरीनं उभे राहिले आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले.

"तू लिहीत राहा," ते थोरलीला म्हणाले. "हिचा एक शब्द सोडू नकोस."