सतराशे किलोमीटर

नितेशने सुक्या बोंबलांची पिशवी गाडीच्या डाव्या सीटवर ठेवली, तिला सीटबेल्ट लावला आणि बेल्ट नीट बसला का ते ओढून बघितलं. मग छत उघडलं. वास वर जायला हवा होता. वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, अण्णा चहाचा कप घेऊन उभे होते. गाडी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांची होती.

"घाटकोपरला चाललोय, अण्णा. मावशीकडे. बोंबील आहेत."

अण्णांनी पिशवीकडे बघितलं, मग गाडीकडे.

"चालू केल्यावर दोन मिनिटं तशीच ठेव," ते म्हणाले. "लगेच रेस देऊ नकोस."

नितेशने लगेच रेस दिली. कबुतरं उडाली. अण्णा चहा प्यायले.

गाडी लाल होती, दोन सीटची. अशा गाड्या गोव्यात मोजक्याच बनल्या. त्यातली एक पंचवीस वर्षांपूर्वी मुलुंडच्या या सोसायटीत आली आणि मागच्या शेडमध्ये कव्हर पांघरून बसली. मीटरवर सतराशे किलोमीटर. एवढं तर सोसायटीच्या मांजराचंही झालं असेल. अण्णा ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ होते. आयुष्यभर ऑफिसच्या बसने गेले, ऑफिसच्या बसने आले. रविवारी पहाटे, बिल्डिंग झोपेत आणि वॉचमन त्याहून गाढ झोपेत असताना, गाडीची एक छोटी चक्कर व्हायची. उजाडल्यावर लोक दूध घ्यायला उतरत तेव्हा अण्णा तिला फडक्याने पुसत असायचे. पुसायला चकरेपेक्षा जास्त वेळ लागायचा.

नितेश पंधरा वर्षांचा असताना, एका बंदच्या दुपारी, त्याच्या बाबांना दरदरून घाम फुटला आणि छातीत कळ आली. रस्त्यावर रिक्षा नाही. ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणत होता, मोर्चात अडकलोय. आई अण्णांकडे निघाली तेव्हा बाबा सोफ्यावरून म्हणाले, "अण्णाकडे नको जाऊस." त्या अवस्थेतही बाबांना माणसाची पारख होती, असं नितेशला पुढे बारा-तेरा वर्षं वाटत राहिलं. आई गेलीच. तिच्या मागे नितेश. अण्णांनी दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीटर वाढेल, वहिनी."

ॲम्ब्युलन्स आली. बाबा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत पोचले, एवढंच म्हणता येईल.

माणसं अशा गोष्टीवर रडतात, देवळात जातात, किंवा विसरतात. नितेशने ड्रायव्हिंग शिकून घेतलं. यंदा बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायचं ठरलं, शेड पाडणार म्हणून अण्णांनी लिफ्टजवळ 'गाडी विकणे आहे' असा कागद चिकटवला, तेव्हा तो संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडे गेला. त्याने एक छोटंसं भाषण तयार केलं होतं.

"चालवता येते?" अण्णांनी विचारलं.

"येते."

"मग घे."

झालं. भाषण तसंच राहिलं. पद्मजाकाकूंनी आतून चिवडा आणला, तोही त्याला खावा लागला. म्हातारा सगळं विसरला होता. आणि हे विसरणं, चिवडा चांगला असला तरी, माफ करण्यासारखं नव्हतं.

बेत साधा होता. गाडी फोडायची नाही, जाळायची नाही. तसलं काम पिक्चरमधली माणसं करतात. नितेश ती फक्त वापरणार होता. भाजीला, गिरणीवर, ऐरोलीच्या ऑफिसला. ज्या मीटरसाठी बाबांना सोफ्यावर पडून राहावं लागलं, ते मीटर तो म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत फिरवणार होता.

पण सूड घ्यायचा तर गाडी चालायला हवी, आणि बारा वर्षं उभी असलेली गाडी चालायला हवी तर तिचे लाड करावे लागतात, हे त्याला भांडुपला बाळाच्या गॅरेजमध्ये कळलं. बाळा शाळेतला दोस्त. त्याने पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, कडक पडलेले टायर बदलले, ब्रेकचे सगळे रबर बदलले. हेडलाइटच्या एका काचेसाठी नितेशने तीन शनिवार कुर्ल्याची भंगारची दुकानं पालथी घातली. त्याने स्वतःच्या लग्नासाठी मुलगी शोधताना इतकी पायपीट केली नव्हती, असं आई म्हणाली.

"होती कोणाची ही?" बाळाने गाडीखालून विचारलं.

"एका हरामखोराची."

"पण हरामखोराचा पाय हलका होता हां." बाळा बाहेर सरकला. "क्लच प्लेट बघ. एक गिअर घासलेला नाही. असं हाताने भरवल्यासारखं कोणी चालवत नाही यार आजकाल."

"तू ब्रेक बघ," नितेश म्हणाला.

मग तो रोज गॅलरीखाली थांबून मीटर वाचू लागला. मोठ्याने, बातम्या दिल्यासारखं.

"अण्णा, दोन हजार झाले."

"मागचं उजवं टायर बसलंय. हवा बघ."

"अडीच हजार, अण्णा."

"पुढच्या पाचशेला ऑइल बदल."

"आज तीन हजार."

"बदललंस?"

बदललं होतं. हे मान्य करताना नितेशला स्वतःचीच कानशिलं तापल्याचं जाणवलं. सूड घेणाऱ्या माणसाची सर्व्हिसिंगची तारीख चुकत नव्हती. आई रोज सकाळी खिडकीतून बघायची आणि एकदाच बोलली, "मेल्या, ही गाडी आसा काय म्हावऱ्याची पाटी?" तिला बेत माहीत नव्हता. ती अण्णांशी त्या दुपारपासून बोलली नव्हती. जिन्यात भेटले तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि ते जाईपर्यंत भिंतच बघायची.

शेवटी नितेशने ठरवलं, म्हाताऱ्याला आतच बसवायचं. समोर मीटर फिरताना बघू दे.

"अण्णा, येता का? ऐरोलीच्या पुलापर्यंत."

अण्णा इतक्या पटकन खाली आले की बूट आधीच घालून बसले असावेत. ते न विचारता डावीकडून आत बसले आणि पट्टा न बघता लावला. सीट किती मागे सरकते, हेही त्यांच्या हाताला माहीत होतं.

नितेशने गाडी जमेल तितकी वाईट चालवली. खड्डा दिसला की घेतला. स्पीडब्रेकरवर ब्रेक लावला नाही. अण्णा डोळे अर्धे मिटून बसले होते, वाऱ्यावर पांढरे केस उडत होते, आणि चेहऱ्यावर दुःख म्हणावं असं काहीही नव्हतं. मिठागरांच्या अलीकडे नितेशचा धीर सुटला. त्याने गाडी कडेला घेतली, किल्ली तशीच ठेवून उतरला आणि डावीकडचं दार उघडलं.

"चला. आता तुम्ही चालवा."

"नको रे."

"एवढी वर्षं जपलीत. एकदा मनसोक्त चालवा की. मीटर आता माझं आहे, वाढू दे."

त्यात जितकं विष घालता येईल तितकं त्याने घातलं. अण्णांनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग उतरले, पुढून वळसा घालून उजवीकडे बसले. हात स्टीअरिंगवर ठेवले. पाय एकमेकांना चिकटवून पेडलांच्या अलीकडे ठेवले, बसमध्ये बसतात तसे.

एक ट्रक गेला. मग दुसरा.

"काय झालं?"

"मला येत नाही," अण्णा म्हणाले.

"काय येत नाही?"

"चालवायला. क्लच कसा काम करतो ते फळ्यावर काढून दाखवीन. शिकायला गेलो होतो दोनदा. पाय थरथरतात." त्यांनी स्टीअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "गाडी बघितली, आवडली, घेतली. मग बिल्डिंगमध्ये सगळे पेढे मागायला आले. तेव्हा कसं सांगायचं?"

नितेश डाव्या सीटवर बसला, कारण उभं राहायला दुसरीकडे जागा सुचेना.

"मग सतराशे किलोमीटर?"

"नंदूने."

नंदू म्हणजे नंदकुमार. नंदकुमार म्हणजे नितेशचे बाबा, जे कंपनीत जीप चालवायचे आणि रविवारी पहाटे कॅनव्हासचे बूट घालून फिरायला जायचे. परत आल्यावर त्यांना कधी घाम आलेला असायचा का, हे नितेशने आठवून बघितलं. नसायचा.

"इथपर्यंत यायचो," अण्णा म्हणाले. "पलीकडे टपरीवर चहा. फाटकाच्या अलीकडे तो उतरायचा आणि गाडी ढकलत आत आणायचा, मी स्टीअरिंग धरायचो. कोणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता त्याने. वहिनींनाही नाही सांगितलं."

म्हणजे ती गाडी आजवर एकाच माणसाने चालवली होती आणि त्या दुपारी तो सोफ्यावर पडून म्हणत होता, अण्णाकडे नको जाऊस. छातीत कळ असताना बाबा शब्द पाळत होते. नितेशला हसू आलं, आणि ते तोंडापर्यंत येईस्तोवर त्याचं काहीतरी वेगळंच झालं. त्याने खिडकीची काच खाली केली, वर केली. छत उघडं होतं, काचेचा काही उपयोग नव्हता.

"किल्ली द्यायची होती," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरच्या अनंतकाकांना चालवता येत होती. घरी होते त्या दिवशी."

"हो," अण्णा म्हणाले.

"किल्ली दिली असती तर लोकांनी विचारलं असतं, तुम्ही का नाही नेत."

"हो."

"म्हणून."

"म्हणून," अण्णा म्हणाले. माफी मागितली असती तर नितेशला बरं पडलं असतं. ती धुडकावण्याची त्याची तयारी बारा वर्षांची होती.

पाणथळीत बगळे एका पायावर उभे होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. नितेशने मीटरकडे बघितलं. त्यातले सतराशे बाबांचे होते आणि वरचे सगळे त्याचे, आणि आता ते वेगळे काढता येणार नव्हते.

"रविवारी सकाळी खाली या," तो म्हणाला. "शिकवतो."

"इथे आणशील?"

"नाही. कंपाउंडमध्ये. साडेनऊला. सगळे उठलेले असतात."

अण्णांनी मान हलवली. शिक्षा ऐकून घेतल्यावर माणूस हलवतो तितकीच. मग दोघांनी जागा बदलल्या आणि परतीच्या वाटेवर नितेशने एकही खड्डा घेतला नाही.

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. नितेशने गाडीच्या पुढे-मागे लाल रंगातला मोठा L चिकटवला होता, दुकानात होता त्यातला सगळ्यात मोठा. पहिल्या झटक्याला गाडी हातभर उडून बंद पडली. दुसऱ्याला दोन हात. तिसऱ्याला गिअर असा खरडला की नितेशने दात आवळले. आता गिअरबॉक्स त्याचा होता. एकेक गॅलरी भरत गेली. पद्मजाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. अनंतकाका वर्तमानपत्र घेऊन खाली आले आणि ते उघडलंच नाही. कोणी हसलं नाही, याचं नितेशला आधी आश्चर्य वाटलं, मग थोडी भीती.

"परत," तो म्हणाला.

गाडी उडाली, बंद पडली, नेमकी नितेशच्या घराच्या गॅलरीखाली. आई कपडे वाळत घालत होती. ती कठड्यावरून वाकली. गाडीकडे, L कडे, स्टीअरिंगवरच्या हातांकडे तिने एकेक करून बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ती त्या माणसाशी बोलली.

"अण्णा, तुम्हाला गाडी चालवता येत नाही?"

अण्णांनी दार उघडलं. उतरले. बसून सांगण्यासारखं ते नसावं.

"नाही, वहिनी. कधीच येत नव्हती. नंदू चालवायचा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "अण्णाकडे नको जाऊस," ती स्वतःशीच म्हणाली. मग वळली आणि दोरीवरचे कपडे काढू लागली, नुकतेच घातलेले, पाणी गळत असलेले. एकेक कपडा काढून, नीट घडी करून, खांद्यावर ठेवत गेली.