चौदा दिवसांची मुदत

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची नेमणूक आजन्म असते. त्याला खुर्चीवरून उठवायला त्याची स्वतःची इच्छा तरी लागते, नाही तर मरण. डकोटातले न्यायाधीश वॉलेस टेगनर एक्क्याऐंशीचे झाले तरी उठत नव्हते. लोक म्हणत, म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही. खरं तर त्यांना लॉर्ना प्रुइट सुटत नव्हती.

तेरा वर्षांपूर्वी त्या पोरीनं मित्राची अमली पदार्थांची पिशवी गाडीतून पोचवली होती. आधीचा एक गुन्हा नावावर असल्यानं कायद्यानं किमान वीस वर्षं ठरवून ठेवलेली. टेगनर भर कोर्टात म्हणाले होते, "माझ्या हातात असतं तर एवढी दिली नसती." मागच्या बाकावरच्या तिच्या आईनं, व्हर्नानं, समजुतीनं मान हलवली होती. ते त्यांच्या जिवाला लागून राहिलं.

यंदा लॉर्नाचा अर्ज आला. यकृताचा कॅन्सर, फार तर महिना. अशा कैद्याला सोडायचं की नाही, हे मात्र न्यायाधीशाच्याच हातात. व्हर्नानं स्वयंपाकघराच्या खिडकीशी पलंगही लावून ठेवला होता. टेगनरनी तासाभरात आदेश तयार करवला.

"जज, ती नेहमीची ओळ?" बावीस वर्षं त्यांच्या कोर्टाचं काम बघणाऱ्या डोरीननं विचारलं. "तुरुंगाला व्यवस्थेसाठी चौदा दिवसांपर्यंत मुदत, ती?"

"असतेच ती. राहू दे. लवकर आण, सही करतो."

मुदत मिळाली की तुरुंग ती पुरेपूर वापरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? डोरीन रोज फोन करी. "कागद फिरताहेत म्हणे! कागदांना फिरायला वेळ आहे, तिला तेवढा नाही," ती करवादायची. अकराव्या दिवशी सकाळी लॉर्ना तुरुंगाच्या दवाखान्यातच गेली.

आठवड्यानं व्हर्ना आदेशाची प्रत घेऊन त्यांच्यासमोर आली.

"हे चौदा दिवस कायद्यानं घातले का हो, जज?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही. मीच. सवयीनं."

तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

"तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या हातात नाही. तेरा वर्षं मी ते खरं मानलं."

ती निघून गेली. त्या दुपारी पहिल्यांदाच टेगनरना खुर्ची सोडून घरी जावंसं वाटलं, आणि तिथं वाट बघणारं कुणी नव्हतं.