पांढऱ्यावर पांढरं

घर विकायचं असेल तर त्यात कोणी राहतं हे दिसता कामा नये, असं तुम्ही सांगितलंत. तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही सूनबाईच्या मोबाईलवरच्या व्हिडिओतून बोलायचात आणि तो मोबाईल माझ्याच अंगावर, भिंतीला टेकवून उभा केलेला असायचा. आवाज गोड होता. त्या गोड आवाजात तुम्ही एका म्हाताऱ्याचे उरलेसुरले डोळे काढून घेतलेत. हा आरोप आहे आणि तो मी सगळ्यांसमोर करतोय.

मित्रांनो, मी एक जुना पांढरा ओटा आहे. संगमरवराचा. डोंगर फोडून मला काढलं, करवतीने कापलं, घासून आरशासारखं केलं आणि वरच्या मजल्यावरच्या या स्वयंपाकघरात आणून बसवलं. जिन्यात मजुरांनी मला आपटलं आणि शिव्याही मलाच दिल्या. घरमालक शिंपी होता. कापडाचा पोत बघावा तसा त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि बायकोला म्हणाला, "माल चांगला आहे. आता तू याची वाट लावायला मोकळी."

तिने लावलीच. मी कुरकुरलो नाही. वापरायची वस्तू वापरली जाते, त्यातच तिचा मान असतो. लिंबू सांडलं तिथली माझी चकाकी गेली. साखरेच्या पत्र्याच्या डब्याने गंजाचा चौकोन उठवला. तापलेली कढई टेकली तिथे काळपट चट्टा पडला. शिंप्याचा चहाचा कप शेगडीच्या उजव्या अंगाला रोज एकाच जागी बसायचा, तिथे तपकिरी कडं उमटलं. पाहुण्या बायका नाक मुरडायच्या. शिंप्याची बायको त्यांना म्हणायची, ओटा आहे बाई, दागिना नाही.

पुढे ती वारली. मग शिंप्याची नजर गेली. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने जन्मभर टाके घातल्यावर दुसरं काय होणार? सगळी नाही गेली. उजेड कळायचा, गडद रंगाचा ठिपका कळायचा, बाकी सगळं धुकं. मुलगा आणि सून त्याच घरात होते, पण सकाळचा चहा तो स्वतःच करायचा. त्यावर कोणाला हात लावू द्यायचा नाही. गंजाच्या चौकोनावर साखर. काळपट चट्ट्यापासून वीतभर अलीकडे शेगडीचं बटण. तपकिरी कड्यावर कप, तोही गडद मातकट. थेंब बाहेर सांडायचा नाही. मग सुनेला अर्धा कप द्यायचा आणि विचारायचा, साखर कमी पडली का, की आज तुझं तोंडच कडू आहे? ती हसायची. दिवसभरात तेवढंच हसायची बिचारी.

माझ्या अंगावरचे डाग हेच त्याचे डोळे होते, मित्रांनो. घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. नजर एवढी गेली आहे हे त्याला कबूल करायचं नव्हतं, आणि चहा रोज जमतोय म्हटल्यावर कोणाला शंकाही आली नाही.

मग मुलाची बदली झाली आणि घर विकायला निघालं. माणसं येत, खोल्या बघत, माझ्यापाशी आली की मागे फिरत. एका बाईने माझ्यावरून बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं. त्या दिवशी सूनबाई रडली, आणि मग मोबाईलवर तिला तुमचे व्हिडिओ सापडले.

तुम्ही म्हणालात, ओटा रिकामा हवा. डबे गेले कपाटात. तुम्ही म्हणालात, भांडी एका रंगाची दिसली पाहिजेत. मातकट कप गेला, पांढरे कप आले. तुम्ही म्हणालात, डाग म्हणजे गिऱ्हाईक परत जाणं. तिने मला सोडा चोळला, काय काय पावडरी चोळल्या, तिच्या बोटांची सालं निघाली. शेवटी पॉलिशवाला मशीन घेऊन आला आणि माझी वरची कातडीच त्याने उतरवली. स्वयंपाक बाल्कनीतल्या छोट्या शेगडीवर सुरू झाला. नवरा म्हणायचा, आता मलाही एकदा घासून ठेव, मीही खपेन. तिला मी दोष देत नाही. ती घाबरलेली होती आणि तुम्ही तिच्या भीतीवर बोलत होतात.

म्हाताऱ्याचा चहा मात्र तिने बंद केला नाही. पॉलिशच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाण्याआधी तिने पांढरा कप नेमका जुन्या जागी ठेवला. बाबांना शोधावं लागू नये म्हणून.

तो आला. त्याचा तळहात माझ्यावरून फिरला. सगळीकडे सारखंच गुळगुळीत. चौकोन नाही, चट्टा नाही, कडं नाही. समोर पांढरी भिंत, खाली पांढरा मी, माझ्यावर पांढरा कप. चाचपडत त्याने चहा कसाबसा उकळला. डावा हात कप शोधत होता आणि उजव्या हातातलं पातेलं कलंडलं. उकळता चहा डाव्या हातावर पडला.

फडकं शोधून आधी त्याने मला पुसलं. डाग पडू द्यायचा नाही, हे त्यालाही बजावलेलं होतं ना. सूनबाई येईपर्यंत हात टरारून फुगला होता.

"बाबा, कप तर जागेवरच होता."

"जागा कुठे होती?" तो म्हणाला.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. पण कळून उपयोग काय? संध्याकाळी मुलाने सांगून टाकलं, "बाबा, उद्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही." प्रेमानेच सांगितलं.

घर विकलं गेलं. घेणारे खूश होते. जणू कोणी वापरलेलंच नाही, असं म्हणाले. बाहेरच्या खोलीत सामान बांधून ठेवलंय आणि त्यात म्हातारा बसलाय, हाताला पट्टी. मघाशी त्याने हाक मारली, "सूनबाई, जमलं तर थोडं पाणी दे." स्वतःच्या घरात, जमलं तर! सूनबाईने नवऱ्याला विचारलं, नव्या ओट्यावर बाबांसाठी रंगीत पट्ट्या चिकटवूया का? तो म्हणाला, तिकडचं घर भाड्याचं आहे, मालक ओटा खराब करू देणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातला एखादा डाग पुसायला निघालात, तर आधी घरात विचारा, तो कोणाच्या उपयोगाचा आहे का. म्हाताऱ्या माणसांना दोनदा विचारा, कारण पहिल्यांदा ती नाहीच म्हणतील.

आणि मोबाईलमधल्या बाई, तुम्ही सांगितलंत ते सगळं या घराने केलं. आता मी विचारतो त्याचं उत्तर द्या. ज्याला पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, त्याने तुमच्या या लखलखीत घरात आपला चहा कुठे करायचा? गोड बोलू नका. जागा दाखवा.