गुरुवारचं उत्तर

“भाव मागून विचारा. आधी विचारा, हा कापूस जातो कुठं!”

ह्यांचं हे सांगणं अजून कानात आहे. धुळ्याबाहेर कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, त्याच्यामागे मारुतीचं देऊळ. गुरुवारी जिनिंगला सुट्टी. त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर हे कापूस निवडणाऱ्या बायकांचा वर्ग घेत. गिरणी बंद पडून ह्यांची नोकरी गेली, पुढे रशिया मोडला तसे ह्यांच्या कम्युनिस्ट पक्षाचे निम्मे लोक घरी बसले. हे बसले नाहीत. वर्ग चाले, मी गाभाऱ्याशी वाती वळत बसायची.

“नाना, तुम्ही देव मानतस नही, अन् देवना ओटावर बठतस!” भिकुबाई म्हणायची.

“देव भाडं मागत नाही गं.”

बायका हसत. मग हे खडूनं फरशीवर एक मोठं वर्तुळ काढत, भोवती लहान लहान. “इथून, आपल्या लहानांकडून, स्वस्तात रुई जाते, तिथून, त्या बड्या देशांतून, महाग कापड येतं. लोक म्हणतात, आपण मागं राहिलो. राहिलो नाही, ठेवलंय आपल्याला मागं. त्यांची भरभराट अन् आपली ही दशा, एकाच व्यवहारातून आलीय.”

माझं नामस्मरण चालूच असे, पण कान तिकडे.

त्या गुरुवारी भिकुबाई हसली नाही. “नाना, तुम्हनं बठ्ठं सांगनं पटनं. पन शेठ सांगस, बाहेरदेशले साफ रुई लागस. दिवाळीनंतर कापूस निवडानं मशीन येवाव शे. मंग आम्ही काय करानं?”

ह्यांनी खडू खाली ठेवला. “पुढच्या गुरुवारी सांगतो,” हे म्हणाले. “नक्की.”

“नक्की ना? नहीते परत गोल काढशात!”

 दुसऱ्या दिवशी ह्यांनी ट्रंकेतली सगळी पुस्तकं खाली काढली. ताट वाढलं तरी नजर पुस्तकात. मग एसटीनं जळगावला पक्षाच्या अभिमनभाऊंकडे जाऊन आले आणि टोपी न काढताच खाटेवर बसले.

“भाऊ म्हणतो, ही ऐतिहासिक प्रक्रिया आहे. जगाची घडी बदलल्याशिवाय सुटका नाही. पुस्तकातही तेच आहे, अन् खरंच आहे ते. पण भिकुबाईनं विचारलंय, दिवाळीनंतर चूल कशी पेटवायची. तिला हे कसं सांगू?”

“माझ्या देवाला विचारू का?” मी थट्टेनं म्हटलं.

“विचार. त्याचा तरी कुठं अभ्यास झालाय बघ.”

हसले. तेच त्यांचं शेवटचं धड बोलणं. बुधवारी सकाळी मोरीच्या दारात कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात त्यांच्या उशाशी पोथीचा अध्याय वाचला. पोथी मिटली तेव्हा हे दाराकडे बघत होते. घशातून आवाज येत होता, “गु... गु...”

“गुरुवार?”

डोळे मिटून उघडले.

“मी जाऊ? पण सांगू काय? उत्तर सापडलं तुम्हाला?”

मान जराशी आडवी हलली. नाही.

“मग सापडलं नाही, असंच सांगू?”

 मग डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं आणि त्यांनी हनुवटी छातीकडे नेली. हो. त्यांनी जन्मभर वाचलं, लोकांना समजावलं, आणि माझ्या पदरात घातला तो एवढा निरोप. देवळात मी आरतीखेरीज कधी तोंड उघडलं नव्हतं.

घराशेजारची लताबाई डबा घेऊन आली होती, तिला खाटेजवळ बसवलं.

“अक्का, आज उपास तुमचा. सकाळपासून पाणीसुद्धा नाही घेतलं. एवढ्या उन्हाचं कुठं निघालात? उद्या जा की.”

“आजचं सांगितलंय त्यांनी,” मी म्हटलं.

पदर डोक्यावर घेतला आणि जिनिंगच्या रस्त्याला लागले.