जूनमधली रात्रपाहणी

मी एकवीस वर्षं या शहरात बस चालवतेय, आणि एकवीस वर्षं लोक सांगतायत की माउद, तुझ्या तोंडाला कुलूप हवं. असेल. पण ज्या एका दिवशी तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी मी मूग गिळून बसले. ते आधीच सांगून टाकते.

आनेली माझ्या शेवटच्या फेरीतली बाई. रात्री दहा चाळीसला गाडी रेल्वेलाइनच्या थांब्यावर पोचायची तेव्हा तिथे उतरणारी ती एकटीच. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात ती दुपारची पाळी करायची. म्हाताऱ्यांना भरवायचं, कपडे बदलायचे, त्यांच्या त्याच त्या गोष्टी ऐकत त्यांना झोपवायचं. वय अठ्ठावन्न, मागे-पुढे कोणी नाही, आणि ते काम म्हणजे तिचा जीव की प्राण. पण बाई जन्माची रातांधळी. दिवसा सुईत दोरा ओवेल, अंधार पडला की भिंत चाचपत चालणार. आणि ध्रुवाजवळच्या आमच्या उत्तरेत नोव्हेंबर लागला की दुपारी दोनलाच दिवस मावळतो.

थांब्यापासून तिच्या घराकडे जायला रुळांखालून बोगदा आहे. आत चार दिवे, त्यातले तीन कायम गेलेले. पूर्वी त्याचं काही अडत नव्हतं. रात्री नऊनंतर कुणी सांगितलं तर दोन थांब्यांच्या मध्येही गाडी उभी करायची, अशी आमची पद्धतच होती. मी पुलावरून वळसा घेऊन पुढे जायची आणि आनेलीला थेट तिच्या फाटकासमोर सोडायची. मग नव्या गाड्या आल्या. त्यांचं दार ठरलेल्या थांब्यावरच उघडतं. मध्ये कुठे उभी केली तर बटण दाबून अंगठा मोडेल, दार ढिम्म हलत नाही.

"अर्ज कर," मी आनेलीला म्हटलं. "एक तर फाटकाशी रात्रीचा थांबा द्या, नाही तर बोगद्यात उजेड करा. तेवढंच माग."

"उगाच कशाला गं कुणाला त्रास? मी जाईन हळूहळू."

"त्रास घ्यायचाच पगार मिळतो त्यांना!"

मीच शेजारी बसून तिच्याकडून लिहून घेतलं. नगरपालिकेचं उत्तरही आलं, गोड भाषेत. तुमच्या भागात रात्रीची सुरक्षा-पाहणी होईल, रहिवासी, बसचालक आणि आमचा अधिकारी मिळून पायी फिरतील, त्यावरून निर्णय होईल. तारीख चौदा जून, रात्री दहा वाजता.

जून! जूनमध्ये आमच्याकडे रात्री अकराला अंगणात बसून पेपर वाचता येतो. पण जुलैमध्ये अख्खा देश सुट्टीवर जातो ना, मग टेबलावरचं सगळं त्याआधी उरकायचं असतं. पाहणीच्या दुसऱ्या दिवशी मीसुद्धा सुट्टीसाठी तळ्याकाठच्या झोपडीवर निघणार होते, बॅगा भरून तयार होत्या. वाटलं, आत्ता नको म्हटलं तर वर्षभर लटकेल. होऊन जाऊ दे एकदाचं.

नगरपालिकेचा हाम्पुस आला. जेमतेम तिशीचा, पिवळं जाकीट घातलेला, हातात छापील तक्ता. आम्ही नऊ-दहा जण होतो. कुणी थर्मासमधून कॉफी आणली होती, कुणी दालचिनीचे पाव. लख्ख ऊन होतं. सहलच म्हणा.

"दिवे पेटलेले आहेत का?" हाम्पुसने तक्त्यातलं वाचलं.

"अरे, उन्हाळ्यात दिवे मुळात लावतच नाहीत," मी म्हटलं.

"हो का? मग 'लागू नाही' लिहितो. अंधाऱ्या जागा? कुणाला दिसतेय का एखादी?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बोगद्यात दोन्ही तोंडांनी उजेड शिरला होता. कुणाला काय दिसणार, कपाळ!

"ज्यांनी अर्ज केलाय, त्या कोण?"

"मी," आनेली म्हणाली. हाम्पुसने आधाराला हात पुढे केला, तर हिने तो झटकला. "अरे बाळा, मला काय पाळणाघरातली समजलास?" आणि निघाली की तरातरा! सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, बोगद्यातून आरपार. पलीकडच्या तोंडाशी उभी राहून आम्हालाच हसत ओरडली, "चला रे, आळशांनो!" वर्षाचे आठ महिने लोकांच्या दयेवर काढणारी बाई ती. त्या संध्याकाळी तिला कुणापुढे दुबळं दिसायचं नव्हतं. मला ते कळत होतं. म्हणूनच मी तिला अडवलं नाही. निदान हाम्पुसला तरी बाजूला घेऊन सांगायचं होतं, की बाबा रे, हे खरं नाही, हिला डिसेंबरात येऊन बघ. नाही सांगितलं. हाम्पुसने तक्त्याखाली 'शेरा: काही नाही' असं लिहिलं आणि चालकाची सही म्हणून माझ्यापुढे धरलं. मी सही ठोकली.

ऑक्टोबरात पत्र आलं. पाहणीत कोणताही धोका आढळला नाही. अर्जदार मदतीशिवाय, वेगाने आणि आत्मविश्वासाने चालत असल्याचं दिसून आलं. अर्ज नामंजूर.

आम्ही पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, पुढची पाहणी जूनमध्ये.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मीच रोज गाडी थांब्यावर उभी करायला लागले, उतरून आनेलीचा हात धरायचा, बोगदा पार करून द्यायचा आणि पळत परत यायचं. सहा मिनिटं लागायची. दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"माउद, प्रवाशांना गाडीत सोडून तू खाली उतरतेस?"

"दोन टाळकी असतात हो गाडीत. आणि ती काही बोलत नाहीत."

"एक बोललाय. पुन्हा झालं तर लेखी ताकीद देईन. दुसऱ्या ताकिदीला घरी."

मला निवृत्तीला अडीच वर्षं होती. आनेलीनेच हात जोडले, "माझ्यापायी नोकरी घालवू नकोस, बाई. भिंत आहे ना, भिंतीला धरून जाईन." तीन आठवडे ती तशीच भिंतीला धरून गेली. मी आरशात बघायची, ती उतारावरून दिसेनाशी व्हायची आणि मी गाडी पुढे काढायची. काढायची म्हणजे काढावीच लागायची.

पडली ती माझ्या सुट्टीच्या दिवशी. बोगद्यात पाणी झिरपून बर्फ धरलं होतं. मनगट मोडलं, फोन हातातून उडून कुठेतरी सरकला. उणे अठरा होतं. पाऊण तास ती गुडघ्यांवर फोन शोधत होती, त्या काळोखात कोणती बाजू घराची आणि कोणती थांब्याची तेही तिला कळेना. शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एकाने तिला उचललं. मनगट जुळलं. पण कामाचा राजीनामा तिने इस्पितळातूनच पाठवला.

"अगं, बरी होशील, मग बघू," मी म्हटलं.

"नाही गं. तिथे खाली बसले होते ना, तेव्हा मोठ्याने हाका मारत होते. लहान पोरीसारख्या. मला माझाच आवाज ओळखू येईना." पुढे ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर वृद्धाश्रमातल्या चालत्याफिरत्या म्हाताऱ्या दिवसाच्या फेरीत मला विचारायच्या, आनेली कधी येणार? मी म्हणायची, येईल.

जानेवारीत बसथांब्याच्या खांबावर कागद लागला. मी फाडून आनेलीकडे घेऊन गेले. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर काळोख, घरातले सगळे दिवे लावलेले. ती दुपारी दोननंतर घराबाहेर पडतच नव्हती. तिने कॉफी दिली आणि म्हणाली, "वाच."

मी वाचलं. गेल्या दोन महिन्यांत रात्री या थांब्यावर एकही प्रवासी उतरला नाही, सबब एक फेब्रुवारीपासून रात्री आठनंतर येथे बस थांबणार नाही.

मी म्हटलं, "माफ कर गं मला. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मला सगळं दिसत होतं."

तिने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. कप दोन्ही हातांत धरून ती विचारत होती, "म्हणजे आता रात्री तू तिथे दार उघडणार नाहीस?"

"कुणी उतरत नसतानाही मी उघडते, हे तुला कसं माहीत?"

"ऐकू येतं ना. थंडीत आवाज लांबपर्यंत येतो. दहा चाळीसला दार उघडतं, मग बंद होतं." तिने कप खाली ठेवला. "मी रोज जागी असते तोवर. वाटतं, आनेली उतरली कामावरून. आता येईल घरी. मग झोप लागते."